उघाडी

पहिला फोन आला तेव्हा मी घणसोली स्टेशनच्या पुलावर होते. जुलै २००७. रात्रभर पाऊस लागून राहिला होता आणि ठाण्याहून सुटलेली वाशी लोकल वीस मिनिटं उशिरा पोहोचली होती. "मॅडम, नेट बंद आहे." रिक्षा मिळेपर्यंत आणखी तीन फोन झाले.

महाप्याच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत आम्ही दीडशे माणसं दोन एमबीपीएसच्या एका लीज्ड लाइनवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या इंटरनेटच्या स्वतंत्र लाइनवर, काम करायचो. आज एका साध्या मोबाइलला त्याच्या कितीतरी पट वेग मिळतो. तेव्हा मात्र ती लाइन महाग होती आणि ती सगळ्यांना पुरावी म्हणून मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर बसवलेला होता. तो मी बसवला होता. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं स्क्विड नावाचं मोफत सॉफ्टवेअर, ८० जीबीची डिस्क आणि १ जीबी रॅम. कॉलेजातून बाहेर पडून मला तीन वर्षं झाली होती आणि त्या यंत्रावर माझा जीव होता.

त्याचं काम समजायला सोपं. एखाद्याने वेबसाइट उघडली की प्रॉक्सी ती बाहेरून आणतो, त्याला देतो आणि तिची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवतो. दुसऱ्याने तीच मागितली की बाहेर जायचं कारण नाही, घरातूनच वाढायचं. या साठवणीला कॅश म्हणतात. तेव्हाच्या मराठी वृत्तपत्रांच्या साइट आठवतात? युनिकोड अजून सगळीकडे रुळलं नव्हतं, ज्याचा त्याचा वेगळा फॉंट, आणि पानाबरोबर तो फॉंटही उतरवून घ्यावा लागायचा. सकाळी साडेनऊला पन्नासेक जण पेपर उघडायचे. प्रॉक्सी नसता तर तोच फॉंट पन्नास वेळा त्या बारीकशा नळीतून आला असता. लॉगमध्ये, म्हणजे प्रॉक्सीच्या नोंदवहीत, एकाखाली एक ‘टीसीपी हिट’ असे शब्द सरकताना दिसले की मला मनापासून बरं वाटायचं. प्रत्येक हिट म्हणजे लाइनवरून वाचलेली एक फेरी.

त्या सकाळी लॉग सरकत नव्हता. शेवटची ओळ होती ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, कंसात २८. लिनक्समध्ये जागा संपल्याचा तो क्रमांक. स्क्विडला कॅशमध्ये लिहायला जागा मिळाली नाही तर तो एक वेळ निभावून नेतो, कॅशची मर्यादा स्वतःच कमी करून घेतो. पण कोणी काय मागितलं त्याची नोंद, म्हणजे ॲक्सेस लॉग, लिहिता आला नाही की तो तिथल्या तिथे मरतो. त्याला जन्म देणारी मुख्य प्रक्रिया त्याला पुन्हा उठवते, तो पुन्हा मरतो. असं लागोपाठ पाच वेळा झालं की तीही हात टेकते. आमच्याकडे तेच झालं होतं.

मी घाईत जे केलं ते अनेकांनी केलेलं असेल. सगळ्यात मोठी फाइल शोधली. नऊ जीबीचा ॲक्सेस लॉग. तो उडवला, स्क्विड सुरू केला, फोन करून सगळ्यांना सांगितलं की झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी स्क्विड अजून चालू होता, डिस्क मात्र ९९ टक्क्यांवर गेली होती, म्हणून मी चालू असतानाच लॉग उडवला. डिस्क ९९ टक्क्यांवरच. फोल्डरची बेरीज केली तर फाइल नाही. एकूण वापर पाहिला तर जागा सुटलेली नाही. अर्धा तास मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले होते.

नंतर कळलं. लिनक्समध्ये फाइल पुसणं म्हणजे तिचं नाव पुसणं. एखाद्या प्रोग्रामने ती उघडून धरली असेल तर नाव गेलं तरी फाइल जागेवर असते आणि त्याने हात सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. चालू स्क्विडच्या हातातून लॉग ओढायचा नसतो. ‘रोटेट कर’ असा त्याला निरोप द्यायचा असतो, मग तो जुनी फाइल आपणहून सोडतो आणि नवी उघडतो. त्याच निरोपाने कॅशची यादी ठेवणारी ‘स्वॅप डॉट स्टेट’ ही फाइलही नव्याने, आटोपशीर लिहिली जाते. नाहीतर तीसुद्धा वाढतच राहते.

दुपारी जनरेटरच्या खोलीबाहेर चहा घेताना मी कोणाला तरी फोनवर सांगत होते, "कॅश भरली आहे." तिथे काका बसलेले होते. जनरेटर, पाण्याच्या टाक्या, गच्चीची गळती हे सगळं बघणारे, घणसोली गावातले, आगरी. त्यांनी विचारलं, "बाय, कॅश भरली तं चांगलाच ना?" त्यांना वाटलं पैशांची गोष्ट आहे. मी त्यांना जमेल तसं समजावलं: पाणी सतत येत राहतं असं समजा, आणि मी ते एका टाकीत साठवते, टाकी भरली.

ते म्हणाले, "आणि उघाडी?"

हा शब्द मी ठाण्यात वाढूनही कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या काळी खाडीकाठी खारजमिनीत भात पिकायचा. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि त्या बांधात लाकडी झडपेचं दार. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच ते दार मिटतं. ओहोटीला आतलं पाणी त्याला आतून ढकलतं आणि दार उघडतं. त्या दाराचं नाव उघाडी. काकांचं बोलणं माझ्या कानात अजून आहे: "भरतीला उघाडी बंद. वरून पाऊस. तवा आतला पानी जाईल कुठं? त्याला आत जागा ठेवाला नको?"

ही जागा ते मला दाखवायलाही तयार होते, पण त्यासाठी लांब जावं लागलं नाही. नवी मुंबईत राहणाऱ्याला ती रोज दिसते, ओळखू येत नाही एवढंच. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर वसवताना खाडीकाठची बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. मग डच पद्धतीने धारण तलाव केले गेले. वाशीत, नेरुळमध्ये, बेलापूरला. नेरुळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’, जिथे लोक संध्याकाळी फिरायला जातात, तोही त्यातलाच. पावसाचं पाणी नाल्यांतून या तलावात येतं, तलावाच्या तोंडाशी झडपा असतात, भरतीला त्या मिटतात आणि तेवढे तास शहराचं पाणी तलावात थांबतं. ओहोटीला झडपा उघडतात, पाणी खाडीत जातं. भरती दिवसातून दोनदा येते, मध्ये साधारण साडेबारा तास. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली तर शहराला वाचवते ती त्या तलावातली रिकामी जागा. आत काय साठलंय याला त्या वेळी महत्त्व नसतं. किती मावेल याला असतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्याला दोनच वर्षं झाली होती. भरती आणि पाऊस यांच्या वेळा जुळणं म्हणजे काय, हे मला काकांनी समजावण्याची गरज नव्हती. तरीही त्या चहाच्या टेबलावर बसेपर्यंत माझ्या सर्व्हरच्या डिस्ककडे मी त्या नजरेने पाहिलं नव्हतं.

त्या रात्री घरी जाऊन कागदावर हिशेब मांडला. ८० जीबीची डिस्क म्हणजे बनवणाऱ्याच्या मोजणीत ८० अब्ज बाइट. संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, त्याच्या लेखी ते साडेचौऱ्याहत्तर जीबी. त्यातले पाच टक्के फाइल सिस्टीम रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकासाठी, राखून ठेवते. स्क्विड रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ती जागा नाहीच. राहिले सत्तर-एकाहत्तर. पाचेक जीबी ऑपरेटिंग सिस्टीम. आणि मी कॅशला दिले होते ६०,००० एमबी, कारण डिस्क आहे तर वापरावी, असं मला वाटत होतं. त्या मर्यादेत फक्त साठवलेल्या वस्तू, म्हणजे पानं, चित्रं, फाइल, मोजल्या जातात. लॉग त्यात नाहीत, यादीची फाइल त्यात नाही. म्हणजे भरतीच्या वेळी पाणी थांबायला मी पाचेक जीबीची फट ठेवली होती आणि तीही कोणत्या नाल्याने भरेल हे पाहिलं नव्हतं.

आणखी एक चूक होती, ती मला जास्त लागली. कॅश डिस्कवर असली तरी तिची अनुक्रमणिका रॅममध्ये असते. दर जीबीमागे साधारण १० एमबी, ६४-बिट यंत्रावर १४. एक वस्तू सरासरी १३ केबीची धरतात, त्या हिशेबाने ६० जीबीत सत्तेचाळीस लाख वस्तू. म्हणजे १ जीबी रॅमपैकी ६०० एमबी नुसत्या यादीला. गेले दोन महिने लोक म्हणत होते की नेट मंदावलंय, आणि मी लाइन देणाऱ्या कंपनीला फोन करून भांडत होते. लाइन ठीक होती. कॅश जसजशी भरत गेली तसतशी रॅम संपली आणि यंत्र स्वतःची स्मृती डिस्कवर उतरवत बसलं. जे यंत्र वेग वाढवायला ठेवलं होतं तेच लोकांचा वेळ खात होतं, आणि मी दोष दुसऱ्याला देत होते. त्या फोनवरच्या माणसाची मी नंतर माफी मागितली.

मग किती ठेवायचं? एक जुना ठोकताळा आहे की साधारण आठवड्याभराची वाहतूक मावेल एवढी कॅश पुरे. दोन एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीचशे केबी. आठ तास पूर्ण भरून वाहिली तर सव्वासात जीबी. आमची सरासरी निम्म्याच्या आसपास असायची, म्हणजे दिवसाला साडेतीन, सहा दिवसांचे एकवीस. मी मर्यादा २०,००० एमबी लिहिली. तिप्पट मोठी कॅश ठेवून तिप्पट हिट मिळत नाहीत. काही थोड्या गोष्टी सगळेच मागतात आणि उरलेल्या असंख्य गोष्टी कोणीतरी एकदाच मागतं, पुन्हा कधीच नाही. त्यामुळे आकार वाढवत नेला तरी फायदा लॉगरिदमच्या वळणाने, कण्हत-कुंथत वाढतो. वेबच्या पहिल्या दशकातच लोकांनी हे मोजून मांडलं होतं. मी वाचलं नव्हतं.

कॅशला तीस जीबीचं स्वतंत्र पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, दिलं, लॉगला वेगळं. एकाचा पूर दुसऱ्यात शिरायला नको.

आणि मग त्या दोन ओळी, ज्या मी इतकी वर्षं स्क्विडच्या संरचना फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, नुसत्या पाहत आले होते. ‘कॅश स्वॅप लो ९०’, ‘कॅश स्वॅप हाय ९५’. दस्तऐवजात त्यांना वॉटर मार्क म्हणतात, पाणरेषा. वापर मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर गेला की स्क्विड जुन्या वस्तू काढायला लागतो आणि पातळी त्या खालच्या रेषेजवळ ठेवायचा प्रयत्न करतो. पंचाण्णवकडे सरकू लागली की काढण्याचा वेग वाढतो. माझ्या नव्या हिशेबात १८,००० आणि १९,०००. धरणाचे दरवाजे पाणी काठावर येईपर्यंत कोणी मिटून ठेवत नाही, तसंच हे. ज्याने या ओळींना हे नाव दिलं त्याने कधीतरी उघाडीसारखं काही पाहिलं असेल, असं मला उगाचच वाटतं.

काय काढायचं, हा यातला खरा प्रश्न. न सांगता स्क्विड सर्वात जास्त काळ कोणी न मागितलेली वस्तू आधी काढतो. ती पद्धत वाईट नाही, पण तिला वस्तूचा आकार दिसत नाही. दुसऱ्या दोन पद्धती आहेत. एक लहान आणि लोकप्रिय वस्तू जपते: चिन्हं, बटणं, तो फॉंट. तिने हिटची संख्या वाढते. दुसरी आकार न बघता लोकप्रियता बघते, म्हणजे मोठं अपडेट पुष्कळांनी मागितलं असेल तर ते टिकतं. तिने वाचलेले बाइट वाढतात. पण मग मूळची चार एमबीची वस्तुमर्यादाही वाढवावी लागते, नाहीतर मोठ्या फाइल आत येतच नाहीत. मी आठवडाभर दोन्ही चालवून पाहिल्या आणि दुसरी ठेवली. आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर विंडोजची अपडेट यायची आणि दीडशे यंत्रं एकदम लाइनवर तुटून पडायची. ती भरती. ज्यांची लाइन मोठी आणि माणसं अधीर आहेत त्यांनी पहिली निवडावी. हा निर्णय आपल्या भरतीची वेळ ओळखून घ्यायचा असतो, दुसऱ्याची फाइल उचलून आणून नाही. आमच्या धंद्यात ही सवय फार आहे आणि ती मला पटत नाही.

लॉगबद्दल सविस्तर लिहायचंय, कारण ते मला कॅशपेक्षा जास्त अस्वस्थ करत आलं आहे.

कॅश आपोआप गळते. लॉग गळत नाही. तो गाळ आहे. प्रत्येक पाण्याबरोबर थोडा येतो, तळाशी बसतो, आणि तलाव वरून भरलेलाच दिसतो, त्यात मावणारं पाणी मात्र दरवर्षी कमी होत जातं. नवी मुंबईच्या धारण तलावांचं हेच झालंय. गाळ साचला, गाळावर कांदळवन उगवलं, आणि कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. लागायलाच हवी, खाडीचा काठ त्याच झाडांनी धरून ठेवलाय. पण वेळेवर काढला असता तर गाळ नुसता गाळच राहिला असता. साचू दिला, आणि आता त्यावर जीव वस्तीला आले.

मी वरिष्ठांना म्हणाले की तीस दिवसांपेक्षा जुने लॉग पुसू. ते म्हणाले, "राहू दे. डिस्क स्वस्त आहे. लागतील कधीतरी." हे ‘कधीतरी’ मी त्यानंतर प्रत्येक नोकरीत ऐकलं.

त्या नऊ जीबीत काय होतं ते मला माहीत होतं. बिघाड शोधताना ओळी वाचाव्याच लागतात. वेळ, यंत्राचा पत्ता, वेबसाइटचा पत्ता. एका यंत्रावरून तीन दिवस, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, एकाच आजाराबद्दलची पानं उघडली गेली होती. मग त्या आजाराच्या औषधाची किंमत. मग परळच्या एका रुग्णालयाचा पत्ता. ते यंत्र कोणाचं हे मला पाठ होतं. चार टेबलं सोडून बसायचे ते. मी त्यांना काही विचारू शकले नाही आणि काही न विचारता त्यांच्याकडे पाहूही शकत नव्हते. दोन महिन्यांनी त्यांनी रजेचा अर्ज दिला तेव्हा कारण फक्त मला माहीत होतं, आणि ते मला माहीत असायला नको होतं.

मी पुन्हा वरिष्ठांकडे गेले. या वेळी जागेचं कारण दिलं नाही. कोणाचं नाव न घेता एवढंच म्हणाले की आपण माणसांच्या खासगी गोष्टींचा साठा करतोय आणि तो करण्याचा आपल्याला हक्क नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीस दिवस." मी त्याच दुपारी रोटेटची आज्ञा रोज रात्रीच्या कामांत घातली.

काळ पुढे सरकला. हळूहळू जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीवर, गेल्या. प्रॉक्सीला आता आतलं दिसत नाही. तो फक्त दोन टोकांमध्ये बोगदा जोडून देतो आणि कुलूपबंद पेट्या इकडून तिकडे सरकवतो. हे चांगलंच झालं, त्या चार टेबलांपलीकडच्या माणसासाठी तर फारच चांगलं. कॅश नाहीशी झाली नाही, तिने जागा बदलली. व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्या आपली साठवणीची यंत्रं थेट इंटरनेट पुरवठादारांच्या आवारात ठेवतात आणि गर्दी नसलेल्या वेळी भरून घेतात. आमच्या महापे-रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यात, जिथे रसायनांचे कारखाने होते, तिथे आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत.

मीही आता तसल्याच यंत्रांवर काम करते आणि मला त्या पाणरेषा सगळीकडे भेटतात. अनेक यंत्रांवर प्रोग्राम चालवणाऱ्या कुबरनेटीजमध्ये डिस्क ८५ टक्क्यांवर गेली की न वापरलेल्या इमेज, म्हणजे प्रोग्रामचे साठवलेले गठ्ठे, निघायला लागतात आणि ८० ला ते काढणं थांबतं. इलॅस्टिकसर्च या शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरला तीन रेषा आहेत, ८५, ९० आणि ९५, आणि तिसरीचं नाव चक्क ‘फ्लड स्टेज’, पूरपातळी. ती ओलांडली की तो लिहिणंच बंद करतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये कॅशसाठी ‘मिन फ्री’ नावाची सोय २०२० मध्ये आली. तिथे कॅश किती मोठी हवी ते सांगायचं नसतं, डिस्कवर किमान किती मोकळं राहिलं पाहिजे ते सांगायचं असतं. ती ओळ प्रथम वाचली तेव्हा काकांची आठवण आली. मोजायचं ते नेमकं हेच, असं ते म्हणाले असते.

तो जुना सर्व्हर २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं. मी कंपनी सोडली होती, पण त्यांनी विचारलं आणि मी एका शनिवारी गेले. काका त्याआधीच निवृत्त झाले होते. जनरेटरच्या खोलीला नवा पत्रा होता. कॅश १८,००० च्या रेषेवर उभी होती. काटा महिनोन्‌महिने हलला नसावा, कारण नवं काही येतच नव्हतं. आत बंद पडलेल्या साइटची चिन्हं, कोणत्यातरी निवडणुकीच्या निकालाचं पान आणि तो फॉंट. एकेक पाहत बसले असते तर संध्याकाळ झाली असती.

लॉगच्या पार्टिशनमध्ये तीस दिवसांचे तीस तुकडे होते. यंत्र भंगारात जाणार होतं, त्यामुळे नुसतं नाव पुसून चालणार नव्हतं. डिस्कच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत शून्यं लिहायची आज्ञा दिली आणि खुर्ची ओढून बसले. बाहेर पाऊस होता. बराच वेळ पडद्यावर काहीच आलं नाही. मग आज्ञा थांबली आणि एक ओळ उमटली, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. मी वायर काढली.